इथे खासगी मजकूर टाइप करू नये

शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी आमच्या साडूइतका महाग माणूस सापडायचा नाही, आणि त्याने आजवर कुणाकडे एक पैसाही मागितलेला नाही, हीच खरी चीड आहे. मागणाऱ्या माणसाशी घासाघीस करता येते. मी भाताच्या गिरणीत पोती वाहून मोठा झालो, आणि पुढे तीच गिरण तिच्या मालकाकडून इतकी घासून घेतली की व्यवहार झाल्यावर त्याने माझ्या घरचा चहासुद्धा घेतला नाही. सांगितलेल्या किमतीला मी आयुष्यात एकच वस्तू घेतली असेल, पोस्टाचं तिकीट, आणि तेही नाइलाजाने. पण जो काही मागतच नाही, त्याच्याकडून कमी काय करून घेणार? असा माणूस नुसता गळ्यात पडतो, आणि मग महागात पडतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायला होता. उंच, थोडा पुढे वाकलेला, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. कुणाच्याही घरी गेला की पाण्याचा तांब्या हातात यायच्या आधी याची मान वर. "भाऊ, तिसऱ्या वाशाजवळ गळणार हां." पाहुण्याने आधी पाणी प्यावं, मग घराला नावं ठेवावीत, अशी आमच्याकडे रीत आहे, पण याला धीर नाही. आणि संताप याचा, की तिथे गळायचंच. एका लग्नात लाउडस्पीकर चुकून चालू राहिला आणि नवऱ्याचा मामा माइकशेजारी बसून वरणाच्या पातळपणावर बोलत होता. सगळा मांडव घास हातात धरून ऐकत होता. इतकं सुंदर वातावरण! हा उठला, पंगतीतून उष्ट्या हाताने गेला आणि डाव्या हाताने वायर उपटून आला. मी विचारलं, "तुमाला कोनी सांगितलं होतं?" म्हणाला, "नाय. पन ऐकू येत होतं ना, भाऊ." हे याचं उत्तर. दिसत होतं ना. ऐकू येत होतं ना. जे दिसतं त्याकडे बघत गप्प बसायचं असतं, याच्यावरच तर जगातला निम्मा धंदा चालतो, हे त्याला आईबापांनी शिकवलंच नाही.

भाव करायचा तर त्याला इतका कंटाळा, की विकणारीलाच अपमान वाटावा. एकदा शहापूरच्या बाजारात त्याने सुक्या बोंबलांची जुडी सांगितल्या किमतीला घेतली. कोळीण जुडी हातात धरूनच बसली, देईना. "अवो, काय तरी कमी बोला ना! मी काय लुटायला बसलीय?" तो म्हणाला, "तुमी सांगितला तोच भाव असेल ना?" ती बिचारी कावरीबावरी झाली. शेवटी तिने स्वतःच किंमत उतरवली, वर मूठभर सुकट टाकली, आणि मला म्हणाली, "तुमच्याबरोबर हायेत ना हे? यांना एकटं सोडू नका गो बाय." मला गो बाय म्हणाली, इतकी गोंधळली होती.

पण खरी झलक मला मुरबाडजवळ म्हसा गावच्या जत्रेत मिळाली होती, आणि तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. तिथे बैलांचा सौदा तोंडाने होत नाही. दलाल खांद्यावरचा रुमाल विकणाऱ्याच्या हातावर टाकतो, आणि रुमालाखाली बोटं दाबून आकडा सांगितला जातो. कळतं ते त्या दोन हातांनाच. बाकीच्यांनी तोंडं बघायची. त्या साली आमच्या दलालाचा रुमाल धुऊन धुऊन जाळीसारखा झाला होता, समोरून कोवळं ऊन येत होतं, आणि मी उभा होतो तिथून विकणाऱ्याची बोटन्‌बोट दिसत होती. आता, तो रुमाल मी विणला नव्हता. सूर्यही मी उगववला नव्हता. मी आपला बैलांच्या शिंगांकडे बघितल्यासारखं करून बोटं वाचत होतो. तेवढ्यात माझ्या खांद्यामागून आवाज आला, "अवो दलाल, रुमाल बदला. बोटं दिसतात सगळी." विकणाऱ्याने विस्तव लागल्यासारखा हात ओढला, बैल सोडले आणि चालता झाला. संध्याकाळी ती जोडी दुसऱ्याच्या दावणीला. असे बैल पुन्हा माझ्या नजरेस पडले नाहीत.

अशा माणसाच्या हातात मी माझं दुकान दिलं. शतक नुकतंच बदललं होतं. माझी गिरण बरी चालली होती. पण गिरणवाल्याच्या भुवयांवर कायम कोंडा असतो, आणि मला बाजारात माझ्या पाठीमागे 'कोंडाशेठ' म्हणत. कितीही पैसा करा, कोंडा तो कोंडाच. मला काचेचं दार असलेलं दुकान हवं होतं. आत पंखा, खुर्च्या, आणि येणारा माणूस पायपुसण्यावर पाय पुसून आत येईल असं. म्हणून गिरणीला लागून मी संगणक केंद्र काढलं: अर्ज, लग्नाचे बायोडेटा, वकिलांच्या नोटिसा, ई-मेल. साडूने अक्कल लढवली. एक दणकट मशीन मागे ठेवलं, आणि भंगारातून आणलेले जुने सेट त्याला जोडून पुढे ओळीने मांडले. एका मशीनच्या खर्चात आठ गिऱ्हाइकं! त्या दिवशी मी त्याला मिठी मारायची बाकी ठेवली होती. आत घातलेली प्रणालीसुद्धा फुकटची, जगभरातल्या माणसांनी मिळून लिहिलेली.

"फुकटात खोट असते," मी म्हणालो.

"ही कोना एकाची नाय, भाऊ. सगळ्यांची आहे."

"गुरचरनबी सगळ्यांचंच असतं. कोन खातो ते म्हाईत आहे ना?"

तो हसला. पण दुकान चाललं. कसाऱ्याच्या नर्सबाई, डोळखांबचे मास्तर, भरतीच्या अर्जासाठी पोरं, पायपुसणं झिजलं. आणि मग ती संधी आली. तालुक्यातल्या एका पतसंस्थेला आपलं सगळं टायपिंग आणि हिशेबाचं काम बाहेर द्यायचं होतं. ते काम मिळालं असतं तर गिरण मी दुसऱ्याला चालवायला दिली असती आणि मरेपर्यंत काचेच्या आड बसलो असतो. त्यासाठी मी पहिल्या सेटवर बसून, एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून, माझा दर ठरवला: आधी काय म्हणायचं, मग कुठे उतरायचं, आणि शेवटी कुठे थांबायचं. हा शेवटचा आकडा मी बायकोलासुद्धा कधी सांगत नाही.

त्याच रविवारी साडू आला, पाचव्या सेटवर बसला आणि म्हणाला, "भाऊ, जरा बघा." त्याने काहीतरी चार ओळी ठोकल्या. पडद्यावर कचरा उतरला. उलटीसुलटी अक्षरं, टिंबं, चौकोन. मध्येच कुणाच्या तरी नोटिशीचं अर्धं वाक्य. मग पुन्हा कचरा. आणि मग माझं वाक्य: यापेक्षा खाली जायचं नाही. पुढे माझा आकडा. पहिल्या सेटवरचा, माझ्या पोटातला, पाचव्या सेटवर!

त्याने समजावलं ते असं. कॉम्प्युटरच्या पोटात कर्नेल नावाचा गाभा असतो. प्रत्येक कामाला लागणारी मेमरीतली जागा तोच वाटून देतो, काम झालं की परत घेतो आणि पुढच्याला देतो. देण्याआधी ती पुसायची असते. एका ठिकाणी पुसायचं राहून गेलं होतं. लिहिणाऱ्यांच्याच नजरेतून सुटलं होतं. त्यामुळे कुणी मुद्दाम, विशिष्ट तऱ्हेने जागा मागितली, तर आधीच्याने तिथे ठेवलेल्याचे तुकडे त्याच्या हातात पडत. माझ्या दुकानातच नव्हे, ही प्रणाली जिथे जिथे होती तिथे सगळीकडे.

मला हे एका क्षणात कळलं, कारण माझी गिरण तेच करते. एकाचं भात भरडून झालं की मूठभर तांदूळ यंत्रात अडकून राहतो आणि पुढच्याच्या पोत्यात पडतो. आधीच्याचं भात राता जातीचं असेल तर पुढच्याच्या पांढऱ्या तांदळात लाल दाणे दिसतात आणि आधी कोण आलं होतं ते अख्ख्या गावाला कळतं. कुणी तक्रार करत नाही. आज तुझे चार दाणे माझ्याकडे, उद्या माझे तुझ्याकडे, रीतच आहे. मी त्याला तेच सांगितलं. "चालायचंच. गिरणीत चालतं, इथं का नाय?"

तो म्हणाला, "तांदळावर नाव नसतं, भाऊ. याच्यावर आहे."

त्यावर मी ओरडलो. पतसंस्थेचं काम होईपर्यंत तोंड बंद ठेवा म्हटलं. तो म्हणाला, मग तोवर दुकान बंद ठेवा. मी म्हटलं, बरं, ही एवढी मोठी गोष्ट सापडली आहे, जगातल्या मोठमोठ्या कंपन्या हेच वापरतात, तर त्यांना विचारू की, आमच्याकडे एक माल आहे, काय देता?

"ती खंडणी झाली, भाऊ."

"खंडणी नाय, दलाली!"

पण त्याने आधीच लिहून टाकलं होतं. तो गाभा सांभाळणाऱ्या कुठल्या तरी परदेशातल्या माणसाला, ज्याचा चेहरा याने पाहिला नव्हता, सगळं फुकट, कसं घडतं ते पायरीपायरीने, वर नमस्कार. त्या माणसाचं उत्तरही आलं होतं: धन्यवाद, दुरुस्त करतो, तोवर कुठे बोलू नका. "धन्यवादाचं काय येतं हो बाजारात?" मी विचारलं. "पाव किलो तरी येतं का?" तो पडद्यावरचं ते धन्यवाद पुन्हा वाचत होता. त्याच्या चेहऱ्यावर असा उजेड, की मला थोबाडीत मारावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी मी भात बघायला कसाऱ्याला गेलो होतो. परत आलो तर माझ्या काचेच्या दारावर, आतून डिंकाने चिकटवलेली, याच्या सुरेख अक्षरातली पाटी: 'दुरुस्ती होईपर्यंत इथे खासगी मजकूर टाइप करू नये.' मी ती फाडली. तो मुरबाडहून एसटीने आला आणि दुसरी लावून गेला. मी फाडली, त्याने लावली. काच डिंकाने बरबटली. आणि कुणी कारण विचारलं तर हा सांगेना! परदेशातल्या त्या माणसाला शब्द दिला होता ना. म्हणजे घराला भोक आहे हे दवंडी पिटून सांगायचं, पण कुठे ते सांगायचं नाही. माझं त्या भोकाने एक दमडीचं नुकसान केलं नव्हतं. पाटीने केलं.

कारण शहापूरने पाटीचा अर्थ आपल्या परीने लावला. कर्नेल कुणाला माहीत? लोकांना एवढंच कळलं की इथे लिहिलेलं कुणीतरी वाचतं; आणि तो कुणीतरी कोण असणार? कोंडाशेठ. ज्याने मालकाला चहा न पिता घरी पाठवलं, तो दुसऱ्यांचं वाचणार नाही तर कोण वाचणार! दोन दिवसांत दुकान ओस. आणि गिरणीत मात्र रांग लागली. भात घेऊन नाही, हात हलवत.

पहिले डोळखांबकडचे एक मास्तर. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "शेठ, बदलीच्या अर्जात आई आजारी लिहिलंय ते तुम्ही वाचलंच असेल. आई ठणठणीत आहे. खरं म्हणजे माझं आणि हेडमास्तरांचं पटत नाही. गैरसमज नको." मग एक म्हातारा शेतकरी, काठी आपटत: "भावाच्या वाटनीचं वाचलंस ना? पन त्यानी लिवलं ते खोटं हाय. बांध आमचा हाय. आता माझं ऐक." आणि तासभर ऐकवलं. एक लग्नाचा मुलगा आला, इकडेतिकडे बघितलं, डोक्यावरची टोपी काढली आणि पूर्ण तुळतुळीत टक्कल माझ्यापुढे वाकवून म्हणाला, "बायोडेट्यात केस दाट लिवलंय. तुमाला आता म्हाईतच झालं, तर म्हटलं सोताच दाखवावं. पोरीवाल्यांना बोलू नका." मी यातलं अवाक्षर वाचलेलं नव्हतं! भोकातून जन्मात गळलं नसतं एवढं त्या पाटीने माझ्या कानात आणून ओतलं. पट्टा फिरतोय, कोंडा उडतोय आणि मी तालुक्याचा पापं ऐकणारा बाबा होऊन बसलो आहे. कुणाला 'मी वाचलं नाही' म्हटलं की तो डोळा मिचकावायचा, "शेठ, तुमी मोठ्या मनाचे!"

शेवटी आले पतसंस्थेचे अध्यक्ष, स्वतः. माझ्या ओस पडलेल्या दुकानात बसले. साडू मागे मशीनपाशी होता. अध्यक्षांनी घाम पुसला, आवाज खाली घेतला. "आमच्या क्लार्कनं तुमच्याकडे एक पत्र टाइप केलं होतं. नव्या कार्यालयाच्या जागेचं. हायवेवरची ती जागा माझ्या मेहुण्याची आहे, हे तुमच्या वाचनात आलंच असेल."

मला ओ की ठो माहीत नव्हतं. पण मी खोटंही बोललो नाही. मी फक्त पंख्याकडे बघितलं आणि "हं" म्हटलं. सौद्यात एवढं पुरतं. अध्यक्ष आणखी जवळ सरकले. "तर काम तुम्हालाच. तुमच्याच दराने. फक्त हे आपल्यात राहू द्या."

माझ्याच दराने! एका 'हं'वर! तीस वर्षं घासाघीस केली, असा सौदा मला कधी जमला नव्हता. मी हात पुढे केला. अध्यक्षांनीही केला. आणि मागून तो आवाज आला.

"साहेब, भाऊंनी काय वाचलेलं नाय. कोनीच नाय वाचलं. वाचता येत होतं, एवढंच."

अध्यक्षांचा हात हवेतच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, साडूकडे बघितलं, आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि तोंड लालबुंद झालं. जाताना त्यांनी दार इतक्या जोरात लोटलं की बिजागरी हलली. काम गेलं. नुसतं गेलं नाही, आपण असेपर्यंत संस्थेचा एक कागद माझ्या दुकानात येणार नाही, असं अध्यक्ष बाजारात सांगत गेले.

मी साडूला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. "तुमी कोनाच्या बाजूचे?" हे मात्र तीनदा विचारलं.

"बाजू कुठं आली, भाऊ? घाबरले होते ते."

"घाबरू द्या ना! मी घाबरवलं होतं का?"

"नाय. पन तुमी घाबरू देत होता."

यापुढे या दारात पाय ठेवू नका, असं मी म्हटलं. तो "बरं" म्हणाला. जाताना खिशातला टेस्टर काढून त्याने हललेल्या बिजागरीचा स्क्रू आवळला आणि मुरबाडची गाडी पकडली. पुढे सुधारलेला गाभा आला तेव्हा माझ्या बायकोने मध्ये पडून त्याला एकदा बोलावलं. दुरुस्ती केवढी, तर एक ओळ: देण्याआधी पुसा. त्याने ती मशीनमध्ये घातली, पाचव्या सेटवर तेच पुन्हा करून बघितलं. पडद्यावर नुसती शून्यं, वरपासून खालपर्यंत. "बघा भाऊ, कायसुद्धा नाय," तो म्हणाला. पोराचा पहिला नंबर आल्यासारखा. मी बघितलं नाही. त्याने पाटी काढली, ओल्या फडक्याने काचेवरचा डिंक खरवडून काढला. चूक कुणी दाखवली त्याची नावं दुरुस्तीबरोबर छापतात, त्या यादीत आपलं नावही त्याने घालू दिलं नव्हतं. कशाला, म्हणे. आता बोला.

काच लखलखीत झाली, पण गिऱ्हाईक फिरकलं नाही. वर्ष काढलं आणि बंद केलं. दार एका मिठाईवाल्याने नेलं. त्यानंतर कधीतरी कसाऱ्याच्या त्या नर्सबाई गिरणीत आल्या, हातात गुंडाळलेला कागद. बाजारात तोवर कॉम्प्युटरची दुकानंच दुकानं झाली होती. म्हणाल्या, "तुमचं परत कधी सुरू होणार? घरचं जरा नाजूक लिहायचंय. बाकीच्या दुकानांत पाटी नसते, तर भीती वाटते." मी त्यांच्यावरही ओरडलो. तेव्हा का नाय आलात, म्हटलं. मग तांदूळ पाखडत बसलो तो बराच वेळ.

हे त्याला सांगावं असं मनात आलं होतं. पण तोवर त्याचा कारखाना मुरबाडहून उठून वापीकडे गेला होता, आणि माझा राग माझ्याजवळच राहिला होता. अजून आहे. काचेआड बसायचं माझं राहिलं ते त्याच्यामुळे, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

दर रविवारी माझी बायको तिच्या बहिणीला फोन लावते. बायकोचा मोबाइल असा, की शेजारच्या खोलीतही पलीकडचं स्वच्छ ऐकू यावं. मी त्या वेळी तिथेच पेपर धरून बसतो. घर माझं आहे, कुठेही बसेन. पलीकडे बहिणींच्या गप्पांमागे त्याचा आवाज येतो. गिरण चालू आहे का, पट्टा बदलला का, असलं काहीतरी आपल्या बायकोमार्फत विचारत असतो. मी बोलत नाही. कोंड्याने हल्ली छातीत घरघर असते, तीही दाबून धरतो, म्हणजे मी ऐकतोय हे तिकडे कळू नये. मागच्या महिन्यात दाबता आली नाही. दोनदाच खोकलो, तेही पेपरात तोंड घालून. लगेच पलीकडून तो आवाज, सरळ मला: "भाऊ, तुमचा खोकला इथं ऐकू येतो. डॉक्टरला दाखवा."

बायको माझ्याकडे बघत राहिली. मी पेपराचं पान उलटलं. ऐकायचं आणि गप्प बसायचं, एवढंसुद्धा या माणसाला या वयातही जमू नये, याचा मला अतोनात संताप आला.

तेव्हापासून रविवारी खोकला आला तर मी दाबत नाही.